पेलसायबाचं पान

यतीन मास्तर शाळेतून निवृत्त झाले तेव्हा मालवणजवळच्या कट्टा गावातल्या लोकांना वाटलं, आता हा माणूस पडवीत पाय पसरून बसेल. पण कसलं काय! कोणाची जमीन विकायला निघाली, मुंबईच्या भावांना सातबाऱ्यावर वारस लावायचे झाले, की मंडळी मास्तरांच्या दारात हजर. आजे-पणजे जुळवून वंशावळ लावून देण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. स्वतः मात्र सडाफटिंग. लग्न नाही, मूल नाही, भाऊबहीण नाही. घरात एक आई, यमुनाबाई, ऐंशी उलटलेली आणि जिभेला अजून कोयत्याची धार. लोकांचे वंश लावतोस, आपल्या वंशाचं काय, असं ती दिवसाआड ऐकवायची. पूर्वी मास्तर हसून सोडून देत. हल्ली हसायचाही कंटाळा येई. गुडघे कुरकुरत होते आणि एसटीच्या पायऱ्या दर वर्षी जरा जास्तच उंच होत चालल्या होत्या.

त्यात पेल बाईंचं काम म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. या बाई विलायतेतल्या, वयानं मास्तरांपेक्षाही थोर. त्यांच्या घराण्यातला एक एडवर्ड पेल कंपनी सरकारच्या अगदी पहिल्या दिवसांत मालवणच्या बंदरात उतरला, मिठाच्या नादानं शिरोड्याला गेला, तिथंच घर बांधून राहिला आणि तिथंच मेला. पेल नावाच्या आता या बाईच तेवढ्या उरल्या होत्या. त्यांना एकच जाणून घ्यायचं होतं: त्या एडवर्डच्या मागे कोणी राहिलं का? अख्खा पावसाळा मास्तरांनी त्यात घातला. बायको सापडली नाही, मूल सापडलं नाही, ठेवलेली बाईसुद्धा नाही. 'निर्वंश' एवढा एक शब्द कळवला की सुटलो, असं त्यांना झालं होतं. फक्त शिरोड्याचं थडगं नजरेखालून घालायचं राहिलं होतं.

भाद्रपदाचा वद्य पक्ष चालू होता. घरोघर म्हाळ, पितरांची श्राद्धं. मास्तर निघाले तेव्हा यमुनाबाई दारात आडवी उभी राहिली.

"फाल्या तुज्या बापाशीचो म्हाळ आसा. तेच्या पानार बसासर दुसऱ्याच्या म्हाळाक जेव नको. आयकलंस?"

दर वर्षी म्हाळाच्या आदल्या दिवशी ती हे सांगे. इतरांकडे असला नियम नव्हता, तिच्या माहेरचा होता. मुलानं आधी आपल्या बापाच्या नावचं जेवायचं, मग गावाच्या. आपल्या मागे पाणी द्यायला झील, पोटचा मुलगा, आहे, एवढ्या एका गोष्टीवर म्हातारी निवांत होती. आणि खरं सांगायचं तर मास्तरांकडेही तेवढंच शिल्लक होतं. नोकरी संपली, मित्र एकेक करून गेले. कोणाचा तरी झील असणं, हीच काय ती त्यांची जागा उरली होती.

शिरोड्याला पोचेपर्यंत दोन गाड्या बदलून झाल्या आणि ऊन डोक्यावर आलं. पावसानंतरचं ते चिकट, आंबूस ऊन. मिठागरांच्या कडेनं चालताना चिखलाचा वास नाकात बसला. थडगं काशीबाई नावाच्या विधवेच्या माडाच्या बागेत होतं. ती आणि तिचा रिक्षा चालवणारा मुलगा शंकर, एवढीच माणसं घरात. शंकरनं मास्तरांना परसात नेलं.

चिऱ्यांचा एक चौथरा, कमरेइतका. नाव नाही, क्रॉस नाही. पण चौथरा ताज्या शेणानं सारवलेला होता, त्याच्यापुढं रांगोळी होती आणि रांगोळीपुढं एक पाट मांडलेला होता. गोऱ्याच्या थडग्यापुढं पाट बघून मास्तरांनी चष्मा पुसला.

काशीबाईनं सांगितलं, त्यांच्या घराण्यानं सायबाचं मीठ खाल्लंय, म्हणून त्याचाही म्हाळ ते घालतात. पण सायबाच्या पानाला कावळा शिवत नाही, जातीचा नव्हे ना. तिथं जिता माणूसच जेवावा लागतो. घरचा चालत नाही, बाहेरचा हवा. आणि बाहेरचे हल्ली कोणी बसत नाहीत. मग तिनं सहज विचारावं तसं विचारलं, मास्तरांना मूलबाळ किती, भाऊ किती. कोणी नाही म्हटल्यावर तिनं शंकरकडे पाहिलं.

"मगे बसा," ती म्हणाली. "पान वाढलेला आसा."

पान खरंच वाढलेलं होतं. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, भोपळ्याची भाजी, खीर. मास्तर येणार हे तिला कोणी कळवलं नव्हतं.

आईचं बोलणं त्यांना आठवलं, नाही असं नाही. पण म्हाळाच्या दिवशी वाढलेल्या पानावरून उठायचं म्हणजे त्या घराला शाप दिल्यासारखं. शिवाय मास्तरांनी जन्मभर इतिहास शिकवलेला. परक्या मुलखातला, परक्या धर्माचा माणूस, त्याचा कसला म्हाळ? हे आपलं साधं जेवण. आधी पोटोबा, मग विठोबा. ते बसले. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

जेवण चांगलं होतं. फक्त ते जेवत असताना मायलेक हात जोडून उभी होती. बागेत वारा नव्हता. हात धुऊन मास्तर वळले तर काशीबाई, त्यांची थोरली बहीण शोभेल अशा वयाची बाई, त्यांच्या पायावर डोकं ठेवत होती.

"सुटलंव गे आये," शंकर हळूच म्हणाला.

मास्तरांना ते आवडलं नाही. पण विचारायचं तरी काय? शंकरनं त्यांना स्टँडवर सोडलं. स्टँडपर्यंत मालवणीत बडबडत आलेला तो पोरगा निरोप घेताना एकदम पुस्तकी झाला. "सावकाश जा, साहेब," म्हणाला आणि रिक्षा वळवून निघून गेला.

वाटेत गाडी बंद पडली. दुसरी मिळेना. रात्र कुडाळला लॉजवर काढायची पाळी आली. आई काळजी करील म्हणून मास्तरांनी शेजारच्या रूपालीला फोन लावला. ही पोरगी त्यांच्या हाताखाली शिकलेली, रोज संध्याकाळी यमुनाबाईकडे येऊन बसणारी.

"कोण बोलतंय?" तिनं विचारलं. मास्तरांनी नाव सांगितलं. "नाही हो, राँग नंबर लागला असेल," ती म्हणाली आणि फोन ठेवला. रेंज नसणार. मास्तर अंथरुणावर आडवे झाले. इतके दमले होते की विचार करायलाही त्राण नव्हतं.

सकाळी पेल बाईंचा फोन आला. निर्वंश हे त्यांना कसं सांगायचं याची मास्तर जुळवाजुळव करत होते, पण बाईंनी बोलूच दिलं नाही. आता शोधायची गरज नाही, त्या म्हणाल्या. काल दुपारपासून फार बरं वाटतंय. एडवर्डच्या मागे कोणीतरी राहिलं, पेल नाव पुढं चाललं. त्यांचा आवाज रडवेला झाला होता. कोणी सांगितलं तुम्हाला, असं मास्तरांनी विचारलं, तेव्हा त्यांनी मोठ्या मायेनं एवढंच सांगितलं, की जमलं तर एकदा घरी येऊन जा.

घरी म्हणजे कुठे, हे विचारायचं मास्तरांना सुचलं नाही.

कट्ट्याला उतरले तेव्हा दहा वाजले होते. स्टॉपवरच्या दुकानात भाई नेहमीसारखा बसला होता. मास्तर दिसले की "काय मास्तरानू, कोणाचो वंश बुडवून इलास?" अशी त्याची रोजची थट्टा. आज त्यानं मान वर केली, नीट पाहिलं आणि शुद्ध मराठीत विचारलं,

"कोणाकडे जायचंय?"

आमच्याकडे माणसं शुद्ध मराठीत बोलतात ती कचेरीत, नाहीतर परक्याशी. मास्तर घराच्या वाटेला वळले. त्यांनी पाय उचलले. गुडघ्यांचं आज काहीच वाटत नव्हतं.

अंगणात रूपाली केळीची पानं पुसत होती. यमुनाबाई तिला ओरडत होती, नारळ नीट खवलास नाही म्हणून. आवाज तोच, धार तीच. म्हातारीचं डोकं फिरलेलं नव्हतं.

"आये," मास्तर म्हणाले.

तिनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं. मग पदर डोक्यावर ओढला.

"या, बसा," ती म्हणाली. शब्द जुळवत, मामलेदाराशी बोलावं तशी. "उन्हातून आलात. पाणी देऊ?"

पन्नास-साठ वर्षांत ती त्यांच्याशी असं कधी बोलली नव्हती. आये, मी यतीन, तुझा झील, ते सांगत राहिले. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. वेड्याला दुखवू नये म्हणून माणसं ऐकतात, तसं. मग म्हणाली की आपल्याला मूल काही झालं नाही. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, म्हाळाला दर वर्षी कोणीतरी पाहुणा देव पाठवतो. आज तुम्हाला पाठवलं. जेवूनच जा.

भिंतीवर वडिलांचा फोटो होता. त्याच्या शेजारी मास्तरांचा शाळेतल्या सत्काराचा असायचा. तिथली भिंत नुसती स्वच्छ होती. खिळ्याचं भोकसुद्धा नव्हतं.

यमुनाबाईनं अंगणाच्या दगडी गडग्यावर कावळ्यासाठी वाडी, नवऱ्याच्या नावचं पान, ठेवली. कावळा समोरच्या माडावर बसून होता. खाली उतरेना.

ती हात जोडून नवऱ्याशी बोलू लागली, आपल्या मालवणीत. घराची काळजी करू नका, कौलं परतून घेतली. माझी काळजी करू नका, रूपाली येऊन बघते.

कावळा हलला नाही.

वडे निवत चालले. मास्तर तिच्या मागे उभे राहिले आणि त्यांनीही हात जोडले.

"बाबा, आयेक मी सांभाळतंय," ते पुटपुटले. त्यांना रडू फुटत होतं.

कावळ्यानं मान वळवली. बराच वेळ तो मास्तरांकडेच बघत राहिला. पण उतरला नाही.

यमुनाबाई थकली. गडग्याला हात टेकून उभी राहिली.

"कोणाची वाट बघतास ओ?" ती नवऱ्याला म्हणाली. "आपल्याक झील खंय होतो?"

कावळा उतरला आणि वडा उचलून निघून गेला.

"शिवला गो बाय," म्हातारी समाधानानं रूपालीला म्हणाली. मग मास्तरांकडे वळून तिनं पाट दाखवला आणि परक्या पुरुषाला वाढतात तसं, पदर सावरून, बोटाला बोट लागणार नाही इतक्या अंतरावरून वाढू लागली.

"लाजू नका," ती म्हणाली. "पोटभर जेवा."