ट्रेमधला निखारा

"हातात आलं तेव्हा माणिक होतं," कारागीर म्हणाला, "आणि हातातून गेलं तेव्हा वाळलेल्या गाळाचं ढेकूळ. मधे मी होतो. दुसरं कुणीच नव्हतं."

मामांनी चहाचा कप खाली ठेवला. विमा कंपनीतल्या सगळ्या नोकरीत त्यांनी स्वतःविरुद्ध इतकी स्वच्छ साक्ष देणारा माणूस पाहिला नव्हता.

खिडकीच्या कट्ट्यावर त्यांची भाची बसली होती. खाजगी तपासाचं हे दोन खोल्यांचं कार्यालय तिचं. निवृत्त झाल्यापासून मामा तिची गाडी चालवत आणि विचारात तिच्या एक वळण मागे राहत. लहानपणी ती एका जागी टिकत नसे म्हणून त्यांनीच तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली होती. पदार्थविज्ञानाची पदवी घेतली तरी ते नाव चिकटून राहिलं.

"पहिल्यापासून सांगा, काका," भिंगरी म्हणाली. "क्षुल्लक वाटेल तेही सांगा."

कारागीर दागिन्यांच्या दुकानात मागच्या खोलीत काम करी. काल दातांच्या डॉक्टरीणबाई माणकाची अंगठी घेऊन आल्या. ती याच दुकानातून घेतलेली होती. बोट जाड झालं होतं, अंगठी वाढवून हवी होती. मालक बाहेरगावी होते. फोन केला तर म्हणाले, ठेवून दे, ती मी आल्यावर बघतो. पण बाईंना घाई होती, आणि अंगठी वाढवणं म्हणजे कारागिराच्या हातचा मळ.

"कडं कापलं, सोन्याचा तुकडा घातला, सांधायला डाख लावून ज्योत दिली. मग नेहमीसारखी तेजाबात बुडवली."

"खडा न काढता?"

"पाचू असता तर काढला असता. मोती तर ज्योतीच्या जवळसुद्धा नेला नसता. माणकाला काय होतंय? तापलं की काळवंडतं, निवलं की पुन्हा लाल. आमच्याकडे सगळ्या माणकांचं काम असंच, खडा न काढता होतं. मालकांनीच शिकवलंय."

"खडा धरणारे काटे कसे होते?"

"छान होते. रोजच्या वापरातल्या अंगठीच्या मानाने फारच छान. नुकतेच कुणी घासल्यासारखे."

"तुम्ही नाही घासले?"

"मी कशाला? विकल्यानंतर ती माझ्यापुढे कालच आली." त्याने स्वतःचे तळवे पाहिले. "मालक म्हणतात, आज दुकान बंद करायच्या आत खरा खडा आणून दे, नाहीतर पोलीस. पोलिसांचं मी बघून घेईन. पण खडा बदलणारा म्हणून एकदा नाव झालं, की या धंद्यात कुणी माझ्या हातावर साधा मणी ठेवणार नाही. आणि मला दुसरं काही येत नाही हो."

भिंगरीने चपला पायात सरकवल्या. "मामा, किल्ली."

चहा अर्धाच राहिला.

* * *

दुकानात शिरले तेव्हा मालक गिऱ्हाइकात गुंतले होते. एक बाई होणाऱ्या सुनेसाठी पदक पाहत होत्या. शेजारी त्यांचा मुलगा घड्याळ पाहत होता. निळ्या मखमलीवर सोन्याचं छोटं पदक, मधोमध माणिक. पिवळ्या दिव्यांच्या रांगेखाली ते डाळिंबाच्या दाण्यासारखं दिसत होतं.

"जातिवंत माल आहे ताई," मालक सांगत होते. "आगीतून काढलं तरी रंग हलायचा नाही. असा दाणा परत मिळायचा नाही."

बाईंना पटलं. मागची कडी बदलून हवी होती, संध्याकाळी येऊन नेऊ म्हणाल्या. त्या गेल्यावर भिंगरीने विचारलं, "मी बघू का जरा?"

"विकलं गेलं ते," म्हणत मालकांनी पदक आत ठेवलं. मग चेहऱ्यावरचं हसूही आत ठेवलं. "तुम्हाला त्यानं पाठवलंय ना? वाईट वाटतं हो. घरचा माणूस समजत होतो."

"खडा त्यांनीच बदलला, हे कशावरून?"

"डॉक्टरीणबाई स्वतः म्हणतायत, हा आपला खडा नव्हे. अंगठी त्याच्याच हातात होती. मी असतो तर आधी खडा काढला असता, मग ज्योत दिली असती."

"सगळ्याच माणकांचा काढता?"

"गिऱ्हाइकाची वस्तू. काळजी नको घ्यायला?"

"विकल्यापासून अंगठी दुकानात परत कधी आली होती?"

"कधीच नाही. काल पहिल्यांदा."

बाहेर पडताना मामा पुटपुटले, "सज्जन वाटतो माणूस."

"तुला चहा विचारला असता तर देवमाणूस वाटला असता," भिंगरी म्हणाली.

* * *

डॉक्टरीणबाईंच्या कपाळावर दात तपासायचं जोडभिंग होतं. दवाखान्यात औषधांचा गोड, थंड वास भरला होता. त्यांनी अंगठी भिंगरीच्या पुढ्यात जवळजवळ आपटली.

खड्यावर पांढुरक्या भेगांचं जाळं पसरलं होतं. भिंगरीने तो भिंगाखाली धरला, टाचणीने एक भेग टोकरली. काचेचा एक बारीकसा थेंब सुटून टेबलावर घरंगळला. फुटलेल्या औषधाच्या बाटलीचा असेल, असं समजून मामांनी तो फुंकर मारून उडवायला तोंड पुढे केलं. भिंगरीने त्यांच्या तोंडापुढे हात धरला.

"हा तुमचा खडा नाही, इतकी खात्री कशी?" तिने डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"घेतला त्या दिवशी याच जोडभिंगातून पाहिला होता. आत एक काळा ठिपका आणि त्यात आरपार रुतलेली सुई. दाढेत मोडून राहिलेल्या सुईसारखी. मला हसूच आलं होतं, म्हटलं खडा अगदी माझ्या धंद्याचा निघाला. यात ती नाही."

"त्यानंतर परत पाहिला होतात?"

"रोज कोण बघतं? काम करताना काढून ट्रेमध्ये ठेवते, एवढंच." त्या जरा निवळल्या. "मात्र एक गंमत होती. फिलिंग घट्ट करायचा निळा दिवा असतो ना, तो ट्रेवर पडला की खडा निखाऱ्यासारखा पेटायचा. रडणाऱ्या मुलांना मी तेच दाखवायची. डोळ्यांपुढे नारिंगी काच धरली की आणखीच लाल."

"पेटायचा?"

"गेल्या आठवड्यात एक मुलगी हट्टच धरून बसली, आणि तो पेटेचना. म्हटलं, दिवा म्हातारा झाला."

"आणि तिचं फिलिंग?"

"ते बसलं की. दगडासारखं."

भिंगरीने मान हलवली, जणू बिनमहत्त्वाची गोष्ट होती. "त्याआधी अंगठी कधी नजरेआड झाली होती?"

"बहिणीच्या बाळंतपणाला गेले होते तेव्हा घरी कपाटात ठेवली होती."

तेवढ्यात डबा घेऊन त्यांचे यजमान आले. कॉलेजात इतिहास शिकवणारे, शांत, शर्टावर शाईचा डाग. अंगठीचं नाव निघताच त्यांनी डबा छातीशी धरला.

"मी म्हटलंच होतं हिला, वाढवायला देऊ नकोस. दोरा गुंडाळ."

"तुमचा आवडता उपाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चष्म्यालाही दोराच आहे यांच्या."

"त्या दिवसांत तुम्ही अंगठी बाहेर काढली होती?" भिंगरीने विचारलं.

"कपाटाला हातसुद्धा लावला नाही."

भिंगरी खडा टेबलावरच्या दिव्याखाली फिरवू लागली. "रंग तरी काय म्हणायचा हा?"

"असा नाही कळायचा," ते म्हणून गेले. "दारापाशी न्या, दिवसाच्या उजेडात. पिवळ्या दिव्याखाली सगळीच माणकं लाल. जोडी लावायची तर लालातली जांभळट झाक..." आणि एकदम गप्प झाले. मामांना दिसलं, त्यांचे कान लाल झाले होते.

गाडीत बसताच मामा म्हणाले, "नवराच. खोटं बोलतो तेही नीट बोलता येत नाही त्याला."

"खोटं बोलला हे खरं. पण मामा, इतिहासाच्या मास्तरला माणकाची झाक कुणी शिकवली?"

"चोरी करायची म्हणून शिकला असेल."

"चोराला एकच खडा लागतो. हा जोडी लावायच्या गोष्टी करत होता." तिने आकाशाकडे पाहिलं. उजेड पिवळा होऊ लागला होता. "वळव गाडी. डॉक्टरीणबाई आणि यजमान, दोघांनाही बरोबर घेऊ, आणि त्यांचा निळा दिवाही. पदक गेलं तर काकांची सुटका त्याच्याबरोबर गेली."

मामांना पदकाचा संबंध कळला नाही. त्यांनी गाडी मात्र वळवली.

* * *

ते पोचले तेव्हा पदकाची डबी त्या बाईंच्या हातात होती. एका कोपऱ्यात कारागीर उभा होता आणि मालकांचा हात फोनवर होता.

"ताई, जरा थांबा," भिंगरी म्हणाली. "जाण्याआधी ते या दिव्यात एकदा पाहा."

"गिऱ्हाइकाला त्रास नको," मालक पुढे झाले. "दुकानात काय तमाशा आहे हा?"

बाईंनी डबी मागे घेतली, पण मालकांपासून. "आगीतून काढलं तरी हलत नाही म्हणालात ना? मग दिव्याने काय होणार आहे?"

"दिव्याआधी थोडं बोलते," भिंगरी म्हणाली. "जळालेला खडा माणिकच आहे, पण भेगांनी पोखरलेलं. भेगांत शिशाची काच भरली की असा खडा वरवर नितळ दिसतो. ज्योत लागली की काच वितळते, उरलेली तेजाब खातं. तिचा थेंब माझ्याकडे आहे. काकांनी खडा बदलला असता, तर स्वतःच बसवलेला काच भरलेला खडा स्वतःच ज्योतीत धरला असता का? ज्योत त्यांनीच दिली, कारण त्यांच्या समजुतीप्रमाणे ते माणिक होतं."

कारागिराने पहिल्यांदा मान वर केली.

"खडा त्याआधीच बदलला होता. गेल्या आठवड्यात तो दवाखान्यात पेटला नाही. दिवा म्हातारा झाला नव्हता, कारण त्याच दिव्याने फिलिंग दगडासारखं बसलं. माणकाचा लाल रंग क्रोमियममुळे, आणि निळ्या उजेडात पेटतं तेही क्रोमियमच. लोह जास्त असलं की ती झळाळी विझते. म्हणजे बदल झाला तो बहिणीच्या बाळंतपणाच्या दिवसांत." ती यजमानांकडे वळली. "सर, आता सांगा. तुमचं गुपित तसंही फार दिवस टिकणार नव्हतं."

यजमानांनी बायकोकडे पाहिलं नाही. "कानातली करायची होती. हिला न सांगता. रंग जुळवायला अंगठी या मालकांकडे ठेवली होती. आणि आता ही इथेच आली की हे बोलून जातील, म्हणून दोरा..."

"अहो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"अंगठी इथे आली होती," भिंगरी म्हणाली. "हे लपवणारे दोघे. एकाने प्रेमापोटी लपवलं. दुसऱ्याने का, मालक? काटे उघडून परत दाबल्यावर घासावे लागतात, म्हणून ते नवे दिसत होते. तुम्ही गिऱ्हाइकाला सांगता माणकाला आगीचं भय नाही, कारागिराला शिकवता खडा काढू नको, आणि या एकाच अंगठीबद्दल सांगता, ठेवून दे, मी बघतो. कारण या एकाच खड्याला आग चालणार नव्हती, आणि ते फक्त तुम्हाला माहीत होतं. आणि आगीत रंग न हलणारा, परत न मिळणारा दाणा तुम्ही आजच या ताईंना विकलात."

"बोलायला काय लागतं?" मालक म्हणाले.

"मामा, दिवे."

मामांनी पिवळ्या दिव्यांची बटणं एकामागून एक बंद केली. डॉक्टरीणबाईंनी पदकावर निळा दिवा धरला आणि नारिंगी काच पुढे केली. मखमलीवर निखारा पेटला.

"चांगलं माणिक सगळंच पेटतं," मालक झटकन म्हणाले.

"बरोबर," भिंगरी म्हणाली. "म्हणून पेटलं एवढ्यावर मी थांबणार नाही. डॉक्टर, भिंग."

डॉक्टरीणबाईंनी कपाळावरचं जोडभिंग डोळ्यांवर ओढलं. त्या खूप वेळ वाकून राहिल्या.

"काळा ठिपका," त्या म्हणाल्या. "आणि त्यातून गेलेली सुई. माझी दाढ."

मालक गल्ल्यामागच्या स्टुलावर बसले. फोनवरचा त्यांचा हात केव्हाच खाली आला होता. फोन भिंगरीने उचलला आणि मामांच्या हाती दिला. या वेळी मामांना विचारावं लागलं नाही, कुणाला लावायचा.

डबीवाल्या बाईंनी पदक अलगद टेबलावर ठेवलं. "सुनेला मोती घेऊ," त्या मुलाला म्हणाल्या. "आणि दुसरीकडे."

डॉक्टरीणबाई कारागिरासमोर जाऊन उभ्या राहिल्या. काल याच माणसाला त्यांनी चोर म्हटलं होतं, ते दोघांनाही आठवत होतं.

"पोलिसांचं आटोपलं की खडा मला परत मिळेल," त्या म्हणाल्या. "अंगठी वाढवायची राहिलीच आहे. कराल ना?"

कारागिराने हात पुढे केला, मग मागे घेऊन सदऱ्याला पुसला. "करीन. पण आणाल तेव्हा दिवाही आणा, बाई. माझ्या हातावर ठेवण्याआधी पेटवून बघा, आणि परत घेतानाही. आणि या वेळी खडा काढूनच ज्योत देईन."

"माणिक ज्योत सोसतं म्हणालात ना?" मामांनी विचारलं.

"सोसतं की," कारागीर म्हणाला. "मीच आता जरा भितो."

डॉक्टरीणबाईंनी पदक उचललं, कारागिराच्या पसरलेल्या तळव्यावर ठेवलं आणि निळा दिवा धरला. डाखांच्या जुन्या डागांनी भरलेला तो तळवा लालभडक उजळला. कारागीर हात मुळीच न हलवता त्याकडे बघत राहिला.