स्वयंपाकिणीचा आवाज

टेक एक.
ठरलेल्या निवेदिकेचा घसा बसला, म्हणून ऐनवेळी बदली निवेदिका आली. काचेपलीकडे ध्वनिमुद्रक — कानांवर हेडफोन, पुढ्यात गार झालेला चहा. एका गाजलेल्या जुन्या अमेरिकन कादंबरीचा अनुवाद ऑडिओबुकसाठी तिनं वाचायचा, त्यानं ध्वनिमुद्रित करायचा.

गोऱ्या मालकिणीला तिनं रेशमी आवाज दिला. काळ्या स्वयंपाकिणीला नाकातला, फाटका. नोकरमाणसं अशीच वाचायची, ही धंद्यातली रीत.

"थांबा."

"चुकलं?"

"छे, झकास! पण मालकीण तर कफल्लक आहे. घर चालतंय स्वयंपाकिणीच्या जिवावर. मग रेशीम मालकिणीलाच का?"

"गोरी आहे ना ती—"

तिनं जीभ चावली.

टेक दोन.
"फार पुळका हो तुम्हाला स्वयंपाकिणीचा!"

"असणारच. माझी आई लोकांकडे स्वयंपाक करायची." तो हसला, पण नजर आवाजाच्या मीटरवरून हलेना. "तिथं 'हो बाई, हो बाई'. घरी एक हाक मारली, की बाबा खुर्चीत ताठ! अर्थात आईला दुसरं काम धरता आलं. कादंबरीतल्या हिला कातडी कुठं बदलता येतेय?"

तिला गलबलून आलं. तो फाटका आवाज लहानपणी तिच्या घरी रांधणाऱ्या मावशींचा होता. मावशी स्वतःच्या घरी कशा बोलत असतील... कधी मनातही आलं नव्हतं.

आता हा आपल्याला काय समजेल? आणि — तासाभराच्या ओळखीत त्याच्या समजण्याचं एवढं का पडलंय?

टेक तीन.
स्वयंपाकीण तिच्या साध्या, स्वतःच्या आवाजात बोलली. "ताटं उचलते, बाई." एवढंच वाक्य.

"आता काय झालं?"

"काही नाही... वाचा पुढं." तो डोळे पुसत होता.

टेक — मोजायचे राहूनच गेले.
शेवटचं पान संपलं. "पहिल्याच दिवशी टोकलंस," ती म्हणाली, "फार उपकार झाले रे. नाहीतर जन्मभर तशीच वाचत राहिले असते." मधल्या आठवड्यांत 'अहो-जाहो' कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नव्हतं.

"रविवारी आईनं जेवायला बोलावलंय. पण सांगून ठेवतो, ती तुला पाहुणी मानणार नाही."

"मग काय मानतील?"

त्याचे कान लालबुंद. "ते... तिलाच विचार."

"विचारते की. आधी तू मला विचार."

त्यानं विचारलं.

आणि बोलण्यावर जिचं पोट, तिला शब्द फुटेना. तिनं नुसती मान हलवली — एकदा, मग पुन्हा, त्याला दिसली नसेल तर म्हणून.