अखजीचं अर्धं पान

जमने, माह्या वरणात मीठ नको टाकू. बीपी नाही, काही नाही. सांगते. तू लसूण सोल अन् ऐक.

परवा तू माह्या जागी टूरसंगं अंदमानले चालली. चाळीस माणसायच्या पोळ्या, परक्या शेगड्या, सारं तुले शिकवून झालं. पुसदचे लोक समुद्र पाहाले एवढ्या दूर जातीन, पण तथी गेल्यावर पोळी अन् आलू-वांग्याची भाजीच पाहिजे. म्हणून तर टूरवाला गोपालभाऊ सैपाकीण संगं नेते. पण मी आता काहून जात नाही, ते तुले सांगतलं नाही.

मागच्या वर्षी अखजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या टायमाले गेलतो आम्ही. दोन दिवस जेलखाना पाह्यला, काचेच्या बुडाच्या नावेतून मासे पाह्यले, मंग मोठ्या बोटीनं तू चालली त्याच बेटावर. रिसॉर्ट म्हणजे काय बाई... नारळाच्या झाडायत लाकडाच्या खोल्या, गादीवर टॉवेलचा हंस करून ठेवेल. दारात अख्खा समुद्र, अन् आपले लोक सिमिटच्या टाक्यात डुबकून राह्यले. मले लय हासू आलं.

त्या टूरमधी महागावकडचे बबनराव अन् त्यायची बायको भागीरथाबाई होते. दोघं साऱ्यायच्या मागून चालत. कुठं फोटो नाही, कुठं नारळपाणी नाही. बाई फक्त मोबाईल पुढं करे. वेटरले, बोटीवाल्याले, शहाळंवाल्याले. "ही पोरगी पाह्यली का?" म्हणून इचारे.

बोटीत बबनरावनं मले सांगतलं. त्यायची एकुलती एक वैष्णवी. नागपुरात हॉटेलचं शिकली अन् याच रिसॉर्टमधी काउंटरवर नोकरीले लागली. दोन वर्षाखाली एका दुपारी ड्युटी संपल्यावर समुद्रात उतरली. रेतीवर चपला सापडल्या, पोरगी सापडली नाही.

"ती म्हणते पोरगी जिती हाये," बबनराव म्हणे. "दारात गाडी वाजली का धावत जाते. रात्रीले कडी लावू देत नाही. कोकिळाबाई, असं किती दिवस चालन?"

 

अखजीच्या दिवशी सकाळीच तो माणूस मुदपाकात आला. हातात फडक्यात बांधेल मातीचं लहान मडकं अन् पळसाच्या दोन पत्रावळी. घरून बॅगीत घालून आणल्या होत्या त्यानं.

"पोरीसाठी पितर म्हणून बसता का? ज्या पाण्यात गेली त्याच्या काठावर तिले जेवू घालतो. मंग हिची वाट पाहणं तरी सरन."

आमच्याकडची रीत तुले माहीत नसन, तुमच्या तांड्यात वेगळी असन. मेलेल्या माणसाच्या नावानं जित्या माणसाले पानावर बसवतात. तो जेवला का घरच्यानं इचारायचं, "पोट भरलं का?" त्यानं म्हणायचं, "भरलं." मंग पानाभोवती पाणी फिरवायचं, मेलेलं माणूस वाटेले लागते. तवर बसणाऱ्यानं उठायचं नाही. कवाच नाही.

मी पुरण घातलं, कढी केली, वडे तळले, चिंचगुळाची चिचोणी केली. मीठ मी माह्या हातानं टाकलं, चाखून पाह्यलं. बराबर होतं.

भर दुपारी मुदपाकामागं रेतीवर, केवड्याच्या झाडाखाली पान मांडलं. बाकीचे लोक खोल्यायत तयारी करून राह्यले होते, बोटीनं समुद्रातले पवळ्याचे दगड पाहाले जायाचं होतं. भागीरथाबाई खांबाले धरून उभी होती.

"मी नाही वाढत," ती म्हणे. "वाढलं का मेली ती."

बबनरावच वाढाले लागला. त्याले कुठी वाढता येते? पुरण कढीत पडलं. ते पाहून ती आली अन् त्याच्या हातातलं भांडं घेतलं.

पहिला घास घेतला अन् मी थांबली. खारट. पुरण खारट, चिचोणी खारट, पाण्याचा घोट खारट. मी मान वर केली तं समुद्राच्या लाटायचा आवाज नव्हता, जमने. पाणी हालून राह्यलं होतं, पण आवाज नव्हता. अन् मानेवरून गार पाण्याचे थेंब पाठीत उतरून राह्यले होते. माह्ये केस कोरडे होते... मी हात लावून पाह्यलं.

अन् माह्या तोंडातून निघालं, "आई, वड्याची कड काढून दे न. टोचते."

मी नाही म्हटलं ते. मी वड्याची कडक कडच खाते.

भागीरथाबाई माह्याकडं पाहातच राह्यली. मंग खाली बसली. तिनं वड्याची कड मोडून बाजूले ठेवली अन् मऊ घास माह्या तोंडाशी धरला. "वैशे," एवढंच म्हणे. 

एक खरं सांगू? माह्यी माय मी दोन वर्षाची असताना गेली. मले कोणी घास भरवल्याचं आठवत नाही. ती भरवत गेली अन् मी खात गेली. पोट काही भरून नाही राह्यलं, पण उठावंसंच वाटे ना.

मंग बबनराव बोलला, "बाई... पोट..."

तिनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. "नका इचारू... आत्ताच तं आली."

अन् तेवढ्यात गोपालभाऊची शिट्टी वाजली.

तुले माहीत हाये ती शिट्टी. वीस वर्षाची सवय माह्यी. शिट्टी वाजली का डबे उचलायचे अन् बोट गाठायची. मी उठली. पान अर्धं, इचारणं नाही, पाणी फिरवणं नाही. मी उठली, जमने. दहा पावलं गेल्यावर ध्यानात आलं. मागं वळून पाह्यलं तं भागीरथाबाई हासून राह्यली होती. टूरमधी पहिल्यांदा.

पुसदले आलो. दुसऱ्या दिवसापासून तिचा फोन. रोज बराबर एक वाजता. "जेवली का?" अन् मी म्हणायची, "जेवली, आई." ती माह्यापेक्षा दोन वर्षानं लहान हाये. लोक हासले असते. पण मी सांगते, एक वाजाची मी वाट पाहायची.

भूक मात्र जाये ना. आठ पोळ्या खाल्ल्या तरी पोटात खड्डा. अन् प्रत्येक घास खारट.

यंदाच्या अखजीले बबनराव घ्यायले आला. भागीरथाबाईची तब्येत पार गेलती. दोघींचं जेवण एकटीनं कसं जेवू म्हणे, म्हणून आपलं अर्धं ताट रोज माह्या नावानं बाजूले ठेवत होती. हाडं राह्यली होती फक्त. तिच्या घरी, तिच्याच अंगणात मी पानावर बसली. तिनं कड मोडून वडा भरवला. मंग बराच वेळ माह्या तोंडाकडं पाह्यलं अन् तिनंच इचारलं. कोणी सांगतलं नव्हतं तिले.

"वैशे... पोट भरलं का बाई?"

मी थांबली. म्हटलं पोरगी बोलन. आतून काहीच आलं नाही, फक्त भूक आली. कशी सांगू तुले, लहान लेकरू दार धरून उभं राहाते तशी... अन् समोर ती बाई. मले वाटलं, हिले सोडवलं पाहिजे. नाही तं ही पण जाईन पोरीमागं.

मी म्हटलं, "भरलं, आई."

बबनरावनं पाणी फिरवलं. भागीरथाबाई रडली. तीन वर्षाचं एकदाच रडली अन् मंग रात्रीले दाराची कडी लावून झोपली म्हणे. आता बरी हाये. जेवते. परवा बाजारात भेटली तं "कोकिळाबाई, बऱ्या हाये न?" म्हणे. कोकिळाबाई. फोन काही येत नाही आता.

मी खोटं बोलली, जमने. पोट नव्हतं भरलं. पोरगी गेलीच नाही, माह्यातच राह्यली. अन् आता तिले जेवली का म्हणून इचारणारं कोणी राह्यलं नाही.

मी तथी गेली तं तिच्यासंगं पाण्यात उतरन, म्हणून तुले सांगते. त्या बेटावर मुदपाकामागं केवड्याचं झाड हाये. तथी एक पान ठेवजो, वड्याची कड काढून. शिट्टी वाजली तरी उठू नको.

काय पाहून राह्यली माह्या पायाकडं? फडकं घे अन् पूस ते. सकाळपासून तिसऱ्यांदा पुसलं मी, रेती काही सरत नाही... असू दे. एक वाजला पाह्य. वाढ आता.

थांब. वाढायच्या आधी इचार बरं एकदा, जेवली का म्हणून. मले नको इचारू. तिले इचार.