पायाजवळचा वास

गाडीचं दुखणं मी आधी नाकानं ओळखतो, हत्यार नंतर हातात घेतो. जळलेल्या ऑइलचा वास वेगळा, घासलेल्या क्लचचा वेगळा. धुळ्यात आग्रा रोडवर माझी शेड आहे आणि झुलाल मिस्तरीचं नाक चुकत नाही, असं लोक म्हणायचे. मलाही ते खरं वाटायचं.

सन अडतीसच्या उन्हाळ्यात हिलाल माझ्याकडे आला. हा ज्ञानचंदशेठांचा ड्रायव्हर. म्हणाला, गाडीत रबर जळाल्याचा वास येतो.

मी तारा तपासल्या, पंख्याचा पट्टा पाहिला, टायर मडगार्डला घासतंय का तेही पाहिलं. सगळं ठीक. वास तर अजिबात नव्हता. आठ दिवसांनी तो परत आला, पुन्हा तेच रडगाणं. तिसऱ्या खेपेला माझं डोकं फिरलं.

"हिलालभाऊ, वास गाडीत नाही, तुमच्या नाकात आहे. तपकीर ओढा थोडी."

तो हसला नाही. "मी खोटं नही सांगस, मिस्तरी. वास खालथीन येस. मना पायजोडेथीन." मी त्याच्या पायांजवळ, पेडलपाशी वाकून हुंगलं. काहीच नाही.

पुढच्या आठवड्यात हिलाल दोन दिवसांच्या तापानं गेला. गाडीशी त्याच्या मरणाचा काही संबंध नव्हता. तरी त्याला तसं बोललो याचं मला वाईट वाटत राहिलं.

महिन्याभरानं शेठांचा मुलगा निर्मलकुमार गाडी घेऊन आला. त्याच्या बहिणीला, सायरबाईला, बाळंतपणासाठी शिरपूरहून आणायचं होतं. "हिलाल वासाचं बोलायचा, म्हणून बाबूजी घाबरतात. तुम्ही एकदा ठीक आहे म्हणा, म्हणजे झालं," तो म्हणाला.

मी गाडी सोनगीरच्या रस्त्याला घातली. गाडी चालवताना मी नेहमी अनवाणी असतो. पेडलची थरथर तळव्याला कळावी लागते. नगावच्या पुढे गेलो आणि वास आला. रबर जळाल्याचा, दाट, घशात खवखवणारा. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. चोर सापडला!

"आला ना वास?" मी विचारलं.

शेजारी बसलेल्या निर्मलकुमारनं चार वेळा नाक ओढलं. "कसला वास?"

पुढचे तीन दिवस मी त्या गाडीच्या मागे हात धुऊन लागलो. रेडिएटरच्या नळ्या बदलल्या. तारा नव्या ओढल्या. ब्रेकचे ड्रम उघडले, पुसले, बसवले. गाडीत बसलो की वास हजर. शेडमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला मी आत बसवून हुंगायला लावलं. कुणालाच काही येईना. लोक माझ्याकडे, मी हिलालकडे पाहायचो तसं पाहू लागले. मी एक पाना भिंतीवर फेकून मारला, तोही लागला माझ्याच डब्याला.

चौथ्या दिवशी भर दुपारी मी हट्टाला पेटलो. चाकं काढली. पट्टा, नळ्या, तारा, पेडलवरची रबरं, बॅटरी, सगळं लिंबाखाली नेऊन ठेवलं. गाडी चार ठोकळ्यांवर उभी. रबराचा एक तुकडाही तिच्यात उरला नव्हता.

मग आत बसलो.

वास होता.

मी वाकलो. माझ्या पायांजवळ तो जास्त होता.

तसाच उठून हिलालच्या घरी गेलो. त्याची बायको भिकुबाई ओट्यावर बसली होती. मी म्हटलं, "वहिनी, त्या वासाचं हिलालभाऊ घरी काही बोलायचे का?"

"रोज बोलेत. जेवता जेवता हात थांबी जाये." तिनं मला बसायला पोतं सरकवलं. "मिस्तरी, मनाकडथीन एक चूक व्हयनी. त्यासनी टायरना तळवान्या नव्या वहाणा करेल व्हत्यात. चामडं सरणवर चालत नही, म्हणीसन मी पट्टा कापी टाकात. तळवा तेवढा पायजोडे ठेवात."

"सरणावर, पायांजवळ? कशासाठी?"

"जनमभर इंजिनजोडे पाय भाजी लिधात त्यासनी. म्हनं, त्या वाटवर त्यासना पाय भाजाले नको." तिनं पदर तोंडाला लावला. "इतला वास सुटना, बठ्ठा लोक नाक धरी उभा व्हतात."

"वहाणा कधी आणल्या होत्या?"

"ताप येवाना आदला दिन."

मी मनात हिशेब मांडला. हिलालला वास त्याआधी महिनाभर येत होता. तेव्हा त्या वहाणा झाल्याही नव्हत्या.

घरी पोचलो. माझ्या बायकोनं, वच्छलानं, पाणी दिलं. सकाळी ती भिकुबाईकडे बसायला गेली होती, असं म्हणाली, आणि आत गेली.

निर्मलकुमारला काय सांगायचं ते मी ठरवलं. गाडी ठीक आहे. तुझ्या बहिणीला खुशाल आण. हा वास तिच्यासाठी नाही.

वच्छला बाहेर आली. तिच्या हातात कोऱ्या वहाणा होत्या. तळवा टायरचा.

"मोचीकडथीन लयनू," ती म्हणाली. "दिनभर उघडा पाय फिरतस. तुम्हना पाय भाजाले नको."

तिनं खाली बसून स्वतःच्या हातानं त्या माझ्या पायात घातल्या.

"मापन्या शेतस ना?"

अगदी मापाच्या होत्या.