शेरवानीतला पुतळा

गिरगावातल्या त्या इमारतीत वासंतीबाईंना चुकवून जिना उतरणं कोणाला जमत नसे. मेंदूत रक्ताची बारीकशी गुठळी अडकली, तेव्हापासून त्यांना एकही चेहरा ओळखू येत नव्हता. तरी चपलांच्या आवाजावरून त्या वरच्या मजल्यावरच्या मेघनाला हाक मारत आणि शिंकेवरून दूधवाल्याला. डॉक्टर म्हणाले होते, "डोळे ठणठणीत आहेत. नाक, डोळे, ओठ सगळं दिसतं त्यांना. त्या सगळ्यातून चेहरा मेंदू जुळवतो. तेवढंच आता होत नाही."

त्यांचे यजमान शशिकांत यांना बायकोचं कौतुक आवरत नसे. एवढं गमावलं, पण बाईचं रडगाणं नाही. एकदा लग्नाच्या हॉलमध्ये समोरून येणाऱ्या बाईला वाट देत ती अदबीने म्हणाली, "या ना, तुम्ही आधी."

"अगं, आरसा आहे तो," ते म्हणाले, तेव्हा सगळ्यात जास्त तीच हसली.

एक गोष्ट मात्र त्यांच्या जिवाला लागून राहिली होती. ते खाकरले की वासंतीबाई "अहो" म्हणत. न खाकरता समोर बसले, तर परक्याकडे पाहावं तसं पाहत. एकदा तरी हिने आपल्या तोंडाकडे पाहून आपल्याला ओळखावं, मग काही झालं तरी चालेल, असं ते देवासमोर रोज म्हणत.

नातीच्या लग्नाची खरेदी करायला दोघं दुपारी हिंदमाताच्या कापडबाजारात गेली. दुकानात वरच्या मजल्यावर पुतळ्यांची रांग होती. हल्ली ठेवतात तसलेच, मानेवर नुसता पांढरा गुळगुळीत गोळा असलेले.

"काय देखणी आहे हो," एका नारायणपेठ साडीपाशी थांबून वासंतीबाई म्हणाल्या. "जरा दमलेली वाटते."

साड्या दाखवणारी प्रिती म्हणाली, "काकू, डमी आहे ती. तोंडच नाहीये तिला."

"असं कसं? हनुवटीवर तीळ आहे की."

शशिकांतांना वाटलं, थट्टा चाललीय. पण गुठळीनंतर हिने कोणाच्या चेहऱ्याचं वर्णन केल्याचं त्यांना आठवेना. त्यांना त्या पुतळ्याचा चक्क हेवा वाटला.

वासंतीबाई पुढे गेल्या. कोपऱ्यात मोतिया शेरवानीतला पुतळा उभा होता. त्याच्यासमोर त्या थबकल्या आणि त्यांचे डोळे भरून आले.

"अहो," त्या पुतळ्याला म्हणाल्या, "किती दिवसांनी दिसलात."

शशिकांत त्यांच्या पाठीमागे उभे होते. ते खाकरलेही नव्हते. समोर त्या पांढऱ्या गोळ्याखेरीज काही नव्हतं.

शशिकांतांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"रडताय कशाला?" वासंतीबाई पुतळ्याला म्हणाल्या.

शशिकांतांनी मागूनच कसंबसं हसून पाहिलं.

"हं, आता कसं."

मग, खात्री करावी म्हणून, त्यांनी हळूच एक डोळा मिटला.

"या वयात डोळा काय मारताय, चावट," वासंतीबाई लाजल्या. अगदी लग्नानंतर लाजायच्या तशा.

प्रिती साडीची घडी हातात धरून मागे सरकली होती.

शशिकांतांनी जे मागितलं होतं ते मिळालं होतं, आणि इतका आनंद त्यांना कित्येक वर्षांत झाला नव्हता. पिशवी घेऊन, बायकोचा हात धरून ते जिन्याकडे निघाले.

वळणावर समोरून एक म्हातारा आला. नाक, डोळे, ओठ सगळं जागच्या जागी. भला माणूस असावा. आपण याला कधी पाहिलेलं नाही, एवढं त्यांना नक्की ठाऊक होतं. वाट द्यावी म्हणून ते बाजूला सरकले. तोही सरकला.

"या ना, तुम्ही आधी," शशिकांत म्हणाले.

वासंतीबाईंनी त्यांचा हात हलकेच दाबला.

"अहो, आरसा आहे तो."