कंपनीची साधी गाडी आणि नदीतला माणूस

आण तो मोबाईल इकडे. बघू दे तुझी यादी. गाडी चार इंच वर उचलायची, छतावर तंबू, बंपरच्या जागी लोखंडी जबडा, त्यावर विंच, म्हणजे दोर गुंडाळून गाडी ओढायचं यंत्र, आणि हवा खेचायला बॉनेटच्या बाजूने हत्तीची सोंड. का? तर कंपनीतनं आलेली साधी फोर बाय फोर डोंगरात चालत नाही, असं कुणा टोपीवाल्याने व्हिडिओत सांगितलं म्हणून! अरे, त्या टोपीवाल्याने आयुष्यात कधी स्वतःच्या हाताने चाक बदललंय का?

चाळीस वर्षं गाड्यांच्या पोटाखाली पाठ घासली मी. अशा नवरदेवासारख्या सजवलेल्या गाड्या माझ्याकडे नेहमी एकाच वाटेने यायच्या... दुसऱ्या कुणाच्या तरी दोराला बांधून.

हसू नका. ते दार लोटा आणि बसा खाली. एक गोष्ट सांगतो. ऐकीव नाही. माझ्या धाकट्या साडूच्या बाबतीत घडलेली आहे. तुम्ही ओळखता त्याला. फक्त त्याच्यासमोर विषय काढू नका, तो उठून जातो.

तर साडू माझा सरकारी तंत्रज्ञ. डोंगरात नदीकाठी पाण्याची पातळी मोजणारी यंत्रं बसवलेली असतात, ती चालू ठेवायची हे त्याचं काम. यंत्र दर पंधरा मिनिटांनी खाली ऑफिसात आकडा पाठवतं. त्या आकड्यावरनं ठरतं, काठच्या लोकांना झोपू द्यायचं की घराबाहेर काढायचं. गेल्या वर्षी ऑक्टोबरची एकोणीस तारीख, शनिवार. दुपारी सगळ्यात वरचं यंत्र मुकं झालं, आणि नेमके त्याच डोंगरावर ढग येऊन बसले. साहेबांचा फोन आला, "नवी बॅटरी घे आणि निघ. उद्यावर टाकू नकोस."

गाडी ऑफिसची. पांढरी फोर बाय फोर, शोरूममधनं उतरली तशीच. टायरसुद्धा कंपनीचे. साडूने पदरचं काय घातलं असेल तर एक फावडं, एक जाड दोर, हवेचा पंप आणि धड स्टेपनी. झालं. संपली यादी.

शेवटच्या पेट्रोल पंपावर त्याला भेटला झगमगशेठ. हे नाव मी ठेवलंय, खरं सांगणार नाही. गाड्या सजवायचं दुकान त्याचं. स्वतःची गाडी म्हणजे चालतं-फिरतं दुकान. चौदा दिवे मोजले होते साडूने.

शेठने साडूच्या गाडीला बोटाने टिचकी मारली. "या डब्यातनं वर जाणार?"

"दर महिन्याला जातो," साडू म्हणाला.

"दिवसा जात असशील. अरे, पोट टेकेल हिचं. चल, मी पुढे होतो. अडकलास की ओढून काढतो. मला व्हिडिओ मिळेल, तुला अक्कल."

साडू म्हणाला, नको. दोनदा म्हणाला. पण रस्ता काय कुणाच्या बापाचा नसतो. साडेसातला दोन्ही गाड्या निघाल्या.

डांबर संपलं तिथे साडू खाली उतरला. चारही चाकांची थोडी हवा सोडली, म्हणजे टायर पसरतो, माती धरतो. गिअर लो रेंजला टाकला, म्हणजे वेग कमी, जोर जास्त. शेठ आरशात बघून हसत होता. त्याला उतरायला कुठला वेळ! त्याच्या छतावर दीडशे किलोचा संसार. दर वळणाला गाडी अशी डोलायची, जशी लग्नात चढवून आलीय. मागे साडूची साधी गाडी मात्र दगड चुकवत, सावकाश, आपली चालली होती. दोनदा पोट घासलं तिचं. म्हणून काय झालं? घासलं, आणि पुढे गेली. चालवणाऱ्याला कुठे थांबायचं ते कळत असलं, की गाडीला एवढंच पुरतं.

नऊ वाजून दहा मिनिटांनी ते नदीच्या उतारापाशी आले. तिथनं पात्रातनंच पलीकडे जावं लागतं.

पात्रात माणूस उभा होता.

गुडघाभर पाण्यात. पाठ यांच्याकडे. अंगात साधा शर्ट, पँट वर दुमडलेली. हातात काही नाही. चौदा दिवे त्याच्यावर पडले, तरी वळला नाही.

शेठने हॉर्न दिला. मग काच खाली करून ओरडला, "ए बेवड्या! मरायला दुसरी जागा नाही का?"

माणूस तसाच.

साडू गाडीतनं उतरून काठावर आला होता. त्याला एक गोष्ट दिसली. पाणी जोरात वाहत होतं. मध्ये दगड असला की पाणी फुटतं, फेस येतो. माणसाच्या पायालाही तसंच व्हायला हवं...

त्या पायांशी पाणी फुटत नव्हतं.

"शेठ, थांब!" साडू ओरडला. "आधी उतरून बघू!"

"तू बघ उतरून! ही तुझी सरकारी बैलगाडी नाही!" असं म्हणून शेठने गाडी घातली. सरळ. त्या माणसावर. हलेल आपोआप, म्हणे. एवढा माज.

माणूस हलला नाही. गाडी त्याच्यापर्यंत गेली... आणि तिथे कुणी नव्हतं.

पुढची चाकं खाली गेली. धप्पकन. माणूस उभा होता, नेमका त्याच जागी डोह होता, पुरुषभर खोल. बॉनेट बुडालं. विंच बुडाली. सोंड तेवढी वर. दिवे एकेक करत विझले.

शेठ खिडकीतनं निघून छतावर चढला आणि तंबूला मिठी मारून बोंबलायला लागला. ज्या जिभेने शिव्या दिल्या, त्याच जिभेने "दादा, दादा" सुरू.

साडूने वर पाहिलं.

प्रवाहाच्या वरच्या अंगाला, पंधरा पावलांवर, तो माणूस उभा होता. तसाच. पाठ करून. आता पाणी त्याच्या घोट्यापर्यंत.

साडू मला म्हणाला, "दादा, मला पळून जायचं होतं. पण खाली लोक झोपायला निघाले असतील, हे डोक्यातनं जाईना."

त्याने बूट काढले. फावड्याचा दांडा टेकवत टेकवत पाण्यात शिरला. माणूस आता जिथे उभा होता, त्या ओळीत तळ कडक. सलग खडक. तो जवळ जाईल तसा माणूस पुढे. पलीकडच्या काठापर्यंत. तिथे... नाही दिसला.

साडू परत आला. गाडी लोमध्ये. पहिला गिअर. क्लचला पाय नाही की ब्रेकला पाय नाही. त्याच ओळीतनं पलीकडे. मग दोर फेकून शेठला ओढून काढला आणि पुढच्या सीटवर बसवला. चिंब भिजलेला, दातावर दात वाजत होते.

साडूने चावी फिरवली.

मागचं दार उघडलं.

बंद झालं.

दोघंही पुढेच बघत होते. साडूचे हात स्टेअरिंगवर.

मग दुसऱ्या बाजूचं दार. उघडलं. बंद झालं... हळू. जपून लावल्यासारखं.

गाडीत चिखलाचा वास आला. थंडगार.

शेठ मान वळवायला लागला.

"पुढे बघ," साडू म्हणाला.

चार किलोमीटर. मागे सीटचा रेक्झिन करकरायचा, खड्ड्यात गाडी बसली की. कुणीतरी बसलेलं असलं की करकरतो, तसा. मोकळ्या सीटचा आवाज वेगळा. मला विचारा, मला माहीत आहे.

यंत्राची खोली आली. गाडी थांबली.

एक दार उघडलं.

मग दुसरं.

या वेळी बंद कुणीच केली नाहीत.

साडूने बॅटरी उचलली. खोलीत गेला. नट दोनदा खाली पडला. दहा पंचवीसला यंत्राचा हिरवा दिवा लागला. आकडा गेला. अकराला ऑफिसातनं फोन, पातळी झपाट्याने चढतेय, काठच्या तीन वस्त्या हलवतोय. रात्री एकला लोंढा आला. घरं गेली. माणूस एकही गेला नाही.

शेठची गाडी दीड किलोमीटर खाली सापडली, उलटी. आणि त्या दिवट्याने पुढच्या व्हिडिओत काय सांगावं? म्हणे, स्प्रिंगा हलक्या प्रतीच्या निघाल्या, आता त्याहून भारी मागवल्यात. नदीत कोण होतं, स्वतःला कुणी ओढून काढलं, एक अक्षर नाही. तुझा टोपीवाला म्हणतोस, तो हाच नाही ना? ... दाखव नंतर.

बुधवारी साडू गाडी घेऊन माझ्याकडे आला. सगळं चोख होतं. पत्र्याला चार ओरखडे, बाकी काही नाही. एवढंच म्हणाला, "दादा, डावा हेडलाइट मंद पडतोय. बघा जरा."

मी फडकं घेतलं. काचेवर चिखल दिसत होता. पुसला. जाईना. नखाने खरवडला. नख नुसतं घसरलं.

चिखल काचेच्या आतल्या बाजूला होता.

हेडलाइट काढून टेबलावर घेतला. कंपनीचं सील जसंच्या तसं. कुठे तडा नाही, पाण्याचा थेंब नाही. बत्तीखाली धरला, तेव्हा नीट दिसलं. पंजा होता. पाचही बोटं उमटलेली... एवढासा. तीन-चार वर्षांच्या पोराचा असावा, एवढाच. त्या रात्री गाडीची दोन दारं का उघडली, ते मला तेव्हा कळलं.

सील मीच फोडलं. बोट लावून पाहिलं.

चार दिवस झाले होते. चिखल ओला होता.