ठिपका फुटला तर वॉरंटी गेली

ज्या स्क्रूवरचा लाल ठिपका फोडायची परवानगी आज लेक मागत होती, तो ठिपका मुळात एका भांडणातून आला होता. आणि भांडण पहिल्याच भेटीत झालं होतं.

तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. पुलांचे पाण्यातले खांब तपासणाऱ्या कंपनीत नुकताच लागला होता. पाण्याखाली जायचं, खांबाला कुठे तडा गेलाय का ते बघायचं, वर येऊन लिहून द्यायचं. श्वास घ्यायचं यंत्र, म्हणजे रेग्युलेटर, मात्र ज्याचं त्याने आणायचं. त्याने तो इंटरनेटवरून, परदेशातल्या एका दुकानातून मागवला. इथल्यापेक्षा बराच स्वस्त. महिनाभर वाट बघितली, खोकं उघडलं, हवेच्या टाकीला जोडला... आणि तो जो फुसफुसायला लागला, तो थांबेचना.

खोकं काखेत मारून तो पाणबुड्यांचं सामान विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या दुकानात शिरला. ओली छत्री कुठे ठेवावी हे न कळल्यामुळे हातातच धरून उभा राहिला.

दिव्याखाली वाकून एक मुलगी चिमट्याने रबराची बारीक कडी बसवत होती. तिने मान वर केली नाही.

“छत्री बाहेर. टेबलावर पाणी नकोय मला.”

तो छत्री ठेवून आला. तिने रेग्युलेटर टाकीला जोडला, डोळे मिटून कानाशी धरला. दुकानात तिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणतात हे पुढे कळलं, तेव्हा त्याला नवल वाटलं नाही.

“कुठून घेतलात?”

“ऑनलाइन. परदेशातून,” तो ऐटीत म्हणाला. “वॉरंटी आहे.”

“वाचलीत?”

“वॉरंटी कोण वाचतं?”

“मी.” तिने कार्ड उलटंसुलटं केलं. “जिथे विकलं त्याच देशात चालेल. नेण्याआणण्याचा खर्च तुमचा. म्हणजे जायला तीन आठवडे, तिकडे पडून राहायला सहा, यायला पुन्हा तीन. फिरून येईल बिचारा.”

“अहो, मला सोमवारी पाण्यात उतरायचंय!”

“मग श्वास रोखून उतरा.”

“इथे गिऱ्हाइकांशी असंच बोलतात का?”

“इथून घेतलं असतंत तर गोड बोलले असते. गोड बोलणं वॉरंटीतच येतं.”

तो तणतणत दारापर्यंत गेला. दारात त्याला सोमवार आठवला. निमूट परत आला. तिने स्टूल पुढे सरकवलं.

पाऊण तास तो तिचे हात बघत बसला. लहान नखं, त्यांवर उडत चाललेला लाल रंग. फुसफुस थांबली तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. दुरुस्तीनंतर स्क्रूवर रंगाचा ठिपका द्यायची दुकानात पद्धत होती. स्क्रू कुणी फिरवला तर ठिपक्याला तडा जातो, चोरी लगेच कळते. रंगाचा डबा सुकला होता. तिने पर्समधून नेलपॉलिशची बाटली काढली आणि हलकेच एक ठिपका दिला.

मग त्या परदेशी कार्डाच्या पाठीवर लिहिलं: ‘वॉरंटी एक वर्ष. अट: स्वतः उघडू नये. दरवर्षी इथेच दाखवावे.’ खाली सही.

“ठिपका फुटला तर वॉरंटी गेली,” ती म्हणाली. “हे तरी वाचा.”

तीन आठवड्यांनी तो पुन्हा आला. बारीक आवाज येतो म्हणाला. तिने कानाशी धरला. “काही नाही.” पुढच्या महिन्यात आला. श्वास जड जातोय म्हणाला. तिने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. “रेग्युलेटरचा की तुमचा?” दुकानात तोवर त्याचं नाव ‘परदेशी पाहुणे’ पडलं होतं. मालक तो दिसला की आत हाक मारायचे, “डॉक्टरीणबाई, तुमचा पेशंट आलाय!”

बिघाडच नाही म्हटल्यावर यायचं कशाला? म्हणून एका रविवारी त्याने घरी बसून तो स्क्रू स्वतःच पाव फेरा फिरवला. फुसफुस सुरू झाली. ठिपका फुटला. त्याचीही त्याने सोय केली होती. कधी नव्हे ते सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात जाऊन, मान खाली घालून, लाल नेलपॉलिश आणलं होतं. नवा ठिपका दिला. हुबेहूब!

तिने रेग्युलेटर दिव्याखाली धरला. ठिपका अगदी जवळून बघितला.

“हा माझा लाल नाही.”

“म्हणजे?”

“हा शेंदरी आहे. माझा गडद आहे.” तिने आपलं नख त्याच्या नाकासमोर धरलं. “बघा.”

त्याला तर दोन्ही लालच दिसत होते.

“बाटली कुठेय?”

त्याने खिशातून काढून टेबलावर ठेवली. कान तापले होते.

“एका ठिपक्यासाठी अख्खी बाटली? उरलेल्याचं काय करणार होतात?”

“तुम्हाला... म्हणजे, आवडला तर...”

तिने झाकण फिरवून करंगळीच्या नखावर रंग लावून बघितला. “रंग बरा आहे. वॉरंटी मात्र गेली. अट वाचली होती ना या वेळी?”

“वाचली,” तो म्हणाला. “पाठ आहे. दरवर्षी इथेच दाखवावे.” मग थांबला. आता बोललं नाही तर पुन्हा जमणार नाही, हे त्याला कळत होतं. “वर्ष... फार लांब पडतं हो.”

तिची करंगळी तशीच वर राहिली. रंग वाळून गेला तरी.

मग तिने कार्ड मागितलं आणि ‘एक वर्ष’ वर रेघ मारली. “किती लिहू?”

“परदेशातले लोक आयुष्यभराची देतात म्हणे.”

“कुणाच्या आयुष्यभराची? वस्तूच्या की माणसाच्या?”

“ते कुठे लिहिलेलं नसतं.”

“परदेशी पाहुणे,” ती हसली, “म्हणूनच तर वाचावं लागतं.” आणि तिने लिहिलं, ‘आयुष्यभर.’

लग्नानंतरही दर वर्षी तो रेग्युलेटर घेऊन दुकानातच जायचा. घरी दाखवला तर ती हातही लावायची नाही. “अट काय आहे? इथेच दाखवावे.” दर वर्षी जुना ठिपका फुटायचा, आतल्या कड्या बदलायच्या, नवा ठिपका पडायचा. कंपनीने नवी यंत्रं दिली तरी त्याने हा सोडला नाही. शेवटचा ठिपका तिने आजारपणात दिला. हात थरथरत होता, रंग स्क्रूबाहेर ओघळला. “पुसून पुन्हा देते,” म्हणाली. त्याने देऊ दिला नाही.

त्या ठिपक्याला आता चौदा महिने झाले होते. तिला जाऊन अकरा. दिव्याखालच्या त्या जागेवर आता लेक बसायची, म्हणून तो दुकानाच्या रस्त्याने जायचंही टाळत होता. आज आला, कारण सोमवारी या हंगामातला पहिला पूल होता.

“बाबा, उघडू का?” लेकीने पुन्हा विचारलं. पेचकस तिच्या हातात होता, पण टेकवला नव्हता. “नको असेल तर नाही उघडत. हा भिंतीला टांगू, तू कंपनीचा वापर. पण मग हा पाण्यात न्यायचा नाही. रबर आत नुसतं बसूनही कडक होतं.”

“तशी वॉरंटी आहे त्याची,” तो म्हणाला आणि पाकिटातून कार्ड काढलं. घड्या पडून ते मऊ झालं होतं.

लेकीने वाचलं. तिने ते आधी कधी बघितलं नव्हतं. “आयुष्यभर,” ती म्हणाली. “कुणाच्या?”

त्याने तिच्याकडे बघितलं. मान आईसारखीच एका बाजूला कलती, चिमटा तिच्यासारखाच कानामागे खोचलेला. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं.

“थांब,” तो म्हणाला. रेग्युलेटर उचलून तोंडात धरला आणि एकदा श्वास घेतला. सावकाश. परत टेबलावर ठेवला.

“उघड.”

ठिपक्याचे दोन तुकडे झाले. एक कापडावर पडला, दुसरा कुठे गेला ते कळलं नाही. तो शोधायला वाकला, मग राहू दे म्हणाला. पाऊण तास स्टुलावर बसून तो तिचे हात बघत राहिला. शेवटी लेकीने पर्समधून बाटली काढली. रंग जांभळा होता.

“जांभळा?” तो म्हणाला.

“तुला कुठे कळतात रंग, आईने सांगितलंय मला सगळं.” तिने ठिपका दिला, फुंकर घातली. “अट माहितेय ना? दर वर्षी इथेच दाखवायचं.”

तो उठला, चष्मा काढून पुसला. “वर्ष फार लांब पडतं गं.”

लेकीने स्टूल पायाने पुन्हा त्याच्याकडे सरकवलं.

“मग दर महिन्याला ये,” ती म्हणाली. “पण बाबा... बिघाड नसला तरी ये. स्क्रू फिरवू नकोस.”